फोटोच्या डावीकडची जागा

मी कॉम्प्युटर शिकवणारी बाई. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतंच, हे मुलांना सांगण्यात माझी वर्षं गेली... भुताखेताच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायची. तरीही आज लिहितेय.

सन दोन हजारच्या आसपास परळीत आमचा क्लास होता. समाजातल्या मंडळींनी वधू-वरांसाठी वेबसाइट करायला सांगितली. मी एकच टेम्प्लेट बनवलं – मधोमध फोटो, खाली माहिती. रंग, अक्षरं, समास सगळं एकाच स्टाइल फाइलमधून. म्हणजे एक पान जसं, तशीच सगळी.

फक्त कडा गावच्या राजेंद्रचं पान ऐकेना. शाळेत शिक्षक होता तो. त्याचा फोटो उजवीकडे सरकायचा आणि डावीकडे एका माणसाएवढी जागा कोरी राहायची. पान नव्याने केलं, फोटो पुन्हा स्कॅन केला, दुसऱ्या मशीनवर उघडलं... तेच.

नेमकं हेच स्थळ माझ्या नणंदेला, सुनंदाला, पसंत होतं. पान बघून ती म्हणाली, "वहिनी, ह्यांच्या शेजारची जागा कामून सोडली?"

"सोडली न्हाई गं. आपोआप होतंय."

तिनं नजर वळवली. मलाही तिकडे फार वेळ बघवेना. फोटोत त्याचा खांदा त्या कोऱ्या जागेकडे जरासा झुकलेला होता...

बघण्याच्या कार्यक्रमाला राजेंद्र वडिलांसोबत आला. चहा झाल्यावर सासरे कौतुकाने म्हणाले, "सूनबाई, पाव्हण्यांना वेबसाइट दाखवा की." क्लास घराखालीच होता; सगळे खाली जाऊन बसलो. मी पान उघडलं. राजेंद्र बघतच राहिला, चेहरा पार उतरला. मग वडिलांकडे न बघता म्हणाला, "हा फोटो माझ्या लग्नातला हाय. डावीकडं ती होती. आमी कापून काढली."

पहिली बायको वर्षाच्या आत तापानं गेली होती. घरच्यांनी ते लपवलं होतं.

सासरे ताडकन उठले. सुनंदा मात्र बसूनच होती. तिनं हळूच विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"मीरा."

"अख्खा फोटो हाय का घरी?"

"हाय."

"मग तो भिंतीवर लावायचा. कबूल असलं तर माझी ना न्हाई."

सासऱ्यांची समजूत घालायला वेळ लागला, पण जमलं. स्थळ ठरलं म्हणून मी ते पान काढायला बसले. उघडलं, तर फोटो मधोमध होता... मी कशालाही हात लावला नव्हता.

ती स्टाइल फाइल नंतर कितीदा तरी ओळ न् ओळ वाचली. चूक सापडली नाही. चूक होती असं म्हणायलाही आता जीभ रेटत नाही.