शमुवेलची चार बोटं

देहूरोडच्या चर्चमध्ये एस्तेरबाई भालेरावचं नाव निघालं की पाळकसाहेबांचा आवाज मऊ व्हायचा. निःस्वार्थ सेवा म्हणजे काय ते या बाईकडे बघून शिका, असं ते महिला मंडळात सांगायचे. एस्तेरबाई पदर सावरून मान खाली घालायची. विनयाने नव्हे, ओठांवरचं हसू कुणाला दिसू नये म्हणून.

ती सेवा कसली होती ते तिचं तिलाच ठाऊक. आजारी माणसांसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोने तिला माण गावातल्या एका घरी पाठवलं होतं. जमीन विकून बांधलेला तीन मजली बंगला, दारात दोन गाड्या, आणि आतल्या खोलीत पक्षाघाताने आडवा झालेला म्हातारा. उजवी बाजू गेलेली, वाचा गेल्यातच जमा. त्याला बघून दुसऱ्या कुणाच्या पायाखालची जमीन सरकली असती. एस्तेरबाईच्या पायाखालची घट्ट झाली. हा तर मारुतराव.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, मशीनखाली पत्रा दाबून सुटे भाग काढायच्या कारखान्यात, तो सुपरवायझर होता. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर, माल भराभर निघावा म्हणून यानेच बंद करायला लावला. एस्तेरबाईच्या नवऱ्याची, शमुवेलची, चार बोटं त्या मशीनखाली गेली. चौकशीत मारुतराव थंडपणे म्हणाला, सेन्सर शमुवेलनेच बंद केला होता. नोकरी गेली आणि वर निष्काळजीपणाचा शिक्का बसला. बोटांचं दुःख शमुवेलने गिळलं, शिक्क्याचं गिळवेना. त्यातच खंगून तो गेला.

दुसरी बाई आल्या पावली परत फिरली असती. एस्तेरबाईने पदर खोचला. तिला एकच गोष्ट हवी होती: या माणसाने स्वतःच्या तोंडाने, घरच्यांसमोर, खरं कबूल करायचं. त्यासाठी तो जगायला हवा होता आणि बोलायलाही हवा होता. म्हणून पोटच्या पोरानेही केलं नसतं इतकं तिने त्याचं केलं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. जीभ वळावी म्हणून लहान मुलासारखी अक्षरं घोटून घेतली.

आणि जेवणाआधी प्रार्थना. आम्ही प्रार्थनेशिवाय घास घेत नाही आणि भरवतही नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मारुतरावाची बायको दुर्गाबाई भाबडी. देवाचं नाव ते देवाचं नाव, म्हणून तिने मान डोलावली. मग भरलेला चमचा म्हाताऱ्याच्या ओठांपाशी धरून, डोळे मिटून, एस्तेरबाई त्याच्या कानाशी पुटपुटायची, "देवबापा, या अन्नाबद्दल तुझे आभार. शमुवेल भालेरावच्या चार बोटांची आठवण ठेव. आमेन." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हातारा पांढराफटक पडला. प्रार्थनेचा असा सुरा करू नये, हे तिला कळत होतं. कळत असून ती रोज धार लावत होती.

दुर्गाबाई मात्र जाता-येता एकच घोकायची, "यांनी उभ्या जन्मात कुणाचं वाईट केलं न्हाई, बाई. मग यांच्याच वाट्याला ह्ये का?" त्या वाक्याने एस्तेरबाईच्या अंगाची आग व्हायची. हेच वाक्य एक दिवस मोडायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

हळूहळू म्हाताऱ्याच्या तोंडून शब्द फुटायला लागले. बोबडे, लाळेत भिजलेले. घरात कुणाला काही उमगायचं नाही, एस्तेरबाईला मात्र सगळं कळायचं.

एका दुपारी तिचा घसा पार बसला होता. प्रार्थना न म्हणताच तिने खिचडीचा चमचा पुढे केला. म्हाताऱ्याने तोंड उघडलं नाही. दुर्गाबाईने विनवलं, तरी नाही. त्याने चांगला असलेला डावा हात उचलला, अंगठा दुमडला आणि चार बोटं एस्तेरबाईपुढे धरली. तो प्रार्थनेसाठी अडून बसला होता. एस्तेरबाईचं डोकंच फिरलं. नवरा माझा, जखम माझी, आणि त्याच्या नावावर समाधान याने मिळवायचं?

तरी तिने फाटक्या आवाजात शमुवेलचं नाव घेतलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. बायकोकडे बघत तो एकेक शब्द ओढत बोलला. एस्तेरबाईला लख्ख कळलं. "शेन्सर म्या बंद कराया लावला. त्याचं नाव म्या खोटं घातलं."

"काय म्हणत्यात?" दुर्गाबाईने विचारलं. नवऱ्याचं तोंड पुसायचा नॅपकिन तिच्या हातात होता आणि चेहऱ्यावर कसलीच शंका नव्हती.

इतक्या दिवसांची भूक, आणि ताट समोर वाढलेलं. एस्तेरबाईने नुसतं तोंड उघडायचं होतं. म्हातारा मोकळा झाला असता, आणि न केलेल्या पापाचा शिक्का जसा त्याने शमुवेलवर मारला, तसाच नवऱ्याच्या पापाचा शिक्का तिने आता या भाबड्या बाईवर मारला असता. हे नेमकं आत्ताच दिसावं, म्हणून तिला देवाचा भयंकर राग आला. मारुतरावाचा तर होताच. तो कमी झाला नव्हता.

"खिचडी गरम आहे म्हणतात," ती म्हणाली.

"व्हय? मग फुंकून द्या की."

मारुतराव तिच्याकडे बघतच राहिला. खिचडी केव्हाच गार झाली होती. एस्तेरबाईने चमच्यावर फुंकर घातली आणि तो त्याच्या तोंडाशी नेला.