ओट्यावरचा पंचनामा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण दगडचोरीची ती एक केस अजून डोक्यातून जात नाही. हसू नका, खरंच दगडांची चोरी होती.

सत्तरच्या दशकाचा शेवट. मी पेठच्या बाजूला फौजदार होतो. पिंपळगाव बसवंतकडचा एक द्राक्षबागाईतदार जीप घेऊन ठाण्यात आला. डोंगरात त्याच्या नावावर जमीन होती. माती वाहून जाऊ नये म्हणून तिथे दगडामातीचा बांध घातल्याबद्दल त्याला सरकारी अनुदान मिळालं होतं. "राखणीला ठेवलेल्या म्हाताऱ्यानं बांधाचे दगड चोरले, साहेब. खाल्ल्या घरचे वासे मोजतोय!" असं त्याचं म्हणणं.

पंचनाम्याला गेलो, तर त्याने गावातल्या ओट्यावर चहा मांडलेला. बांध वर, चढ उभा, ऊन मरणाचं. पंचही त्यानेच आणून बसवलेले. मी बसल्या जागी लिहिलं, 'फिर्यादीने मजूर लावून घातलेला बांध खालच्या अंगास उकललेला दिसतो.' दिसतो! कुणाच्या बापाला दिसला होता? आम्ही सगळेच तसं करायचो आणि त्याला कामाचा उरक म्हणायचो.

हवालदाराने म्हाताऱ्याला आणलं. कोकणा आदिवासी, काटकुळा. मी दरडावलं, "दगड नेलेस का?"

"नेलं."

"म्हणजे चोरी कबूल?"

"चोरी कशाची, साहेब? बांध मी न् माझ्या बायकोनं घातेल हाय. खाली भाताच्या खाचराला भगदाड पडलं, म्हून वरचं दगड काढून लावलं."

बापाच्या वेळेपासून तो ती जमीन कसत होता, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव कधी लागलंच नाही. जमीन तोच कसतो याला तो बांध हाच त्याचा पुरावा. हात जोडून म्हणाला, "मला कोंडा, साहेब. पण बांध त्यानं घातला असं लिहू नका. मंग आमी जायाचं कुठं?"

मी तर आधीच लिहून मोकळा झालो होतो.

संध्याकाळी तिथले शाळामास्तर दबकत आले. "साहेब, खड्डे पाहिलेत का?"

"कसले खड्डे?"

"मजूर लावून बांध घातला की माती शेजारूनच खणतात. किती खणली ते मोजायला खड्ड्यात मातीचा एक खुंट तसाच सोडतात. वर एक खड्डा दाखवा मला."

सकाळी धापा टाकत चढलो. खड्डा नाही, खुंट नाही. बांधाच्या दगडांना एका उंबराची मुळं विळखा घालून बसली होती. झाड माझ्या दुप्पट उंच, आणि अनुदान मिळून झाले होते दोन पावसाळे!

बागाईतदाराला बोलावलं. "मजूर कोण होते? नावं सांगा."

"कागद आहेत ना, साहेब."

"खड्डे कुठेत?"

"बुजले असतील."

"आणि उंबर?"

तो हसला. "अनुदान मालकाला मिळतं, साहेब, दगड वाहणाऱ्याला नाही. आणि आधी तुमचाच पंचनामा वाचा की."

अस्सा संताप आला, पण बोलायला तोंड कुठे होतं? म्हाताऱ्याला सोडलं. जागेवर जाऊन दुसरा पंचनामा केला. फिर्याद खोटी, अनुदान लबाडीने घेतलेलं, असा अहवाल वर पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही, माझी सटाण्याला बदली मात्र आली. सह्या झालेला पहिला पंचनामा फाडता येत नव्हता. त्याची नक्कल बागाईतदाराने तहसील कचेरीत लावली आणि जमीन आपण स्वतः कसतो हे शाबीत केलं. मास्तरांच्या पत्रातून मला हे कळलं.

त्यानंतर जागेवर पाय ठेवल्याशिवाय मी पेनाचं टोपण काढलं नाही. शहाणपण आलं खरं, पण त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

काही वर्षांनी पिंपळगावच्या स्टँडवर म्हातारा भेटला. पोरं आता द्राक्षबागांवर मजुरीला होती. मला पाहून तो वाकला. "साहेब, तुमी मला सोडवलं. लय उपकार हायेत." कचेरीत लावलेल्या कागदावर सही कुणाची होती, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आयुष्यभर लोकांकडून कबुल्या घेतल्या. त्या दिवशी माझी द्यायची होती. मी "बरं आहे ना, बाबा?" म्हणालो आणि एसटीत चढलो.