तेरा झेंडू

लग्नाला आठ वर्षं झाली, पण राजलक्ष्मीनं कुणाला 'नाही' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, मॅट्रिकला बसू नकोस. ती बसली नाही. नवरा बळवंत मोतीमहालातल्या सचिवालयात कारकून होता. मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झाला, दफ्तरं पेट्यांत भरून भोपाळला गेली, त्यांच्यामागं बळवंतही गेला. जाताना म्हणाला, "क्वार्टर मिळेपर्यंत आईजवळ राहा." ती राहिली.

एकच गोष्ट तिनं मागून घेतली होती. दुपारचा सरकारी शिवणवर्ग. घरापासून चालत दहा मिनिटं. तिथं शांताताई क्रोशा शिकवायच्या.

शांताताईंचे वडील शिंद्यांच्या रिसाल्याची खोगिरं शिवायचे. संस्थान विलीन झालं, रिसाला गेला, खोगिरं कुणालाच नकोशी झाली. घर मुलीच्या पगारावर आलं. शांताताईंच्या चष्म्याची भिंगं जाड होती आणि जीभ धारदार. पहिल्याच दिवशी त्यांनी राजलक्ष्मीच्या हाताकडं बघून म्हटलं, "सैल सोड की गं. दोरा काय पळून चाललाय?"

तीन वर्षांत राजलक्ष्मी साखळी शिकली, खांब शिकली, मुका खांब शिकली. एका गोलाभोवती पाकळ्या कशा उभ्या करायच्या ते शिकली. तिच्या हातून काहीतरी पुरं होत होतं आणि ते तिचं होतं.

एकदा ती आजारी पडली, तेव्हा शांताताई घरी आल्या. सासूबाईंनी त्यांना ओसरीवर बसवून कान तुटलेल्या कपात पाणी दिलं. शांताताई प्यायल्या, कप स्वतः विसळला, पालथा घातला. खिडकीतून राजलक्ष्मीनं ते पाहिलं. पुढच्या आठवड्यात वर्गात शांताताईंनी त्याचा उल्लेख केला नाही. पुढची फेरी शिकवली.

आणि आता शांताताईंचीही भोपाळला बदली झाली होती. चैत्र लागला होता. घरात चैत्रगौर बसली होती.

"हळदीकुंकवाला त्यांना बोलवू?" राजलक्ष्मीनं विचारलं. "जायच्या आहेत पुढच्या आठवड्यात."

सासूबाई नक्कीच नको म्हणतील असं ती धरून चालली होती. त्या मात्र म्हणाल्या, "बोलव. दिवस बदलले. आता तसं दिसलेलं बरं नाही." मग शिसवी टेबलावरून हात फिरवत म्हणाल्या, "गेल्या वर्षी काचेच्या पेल्यांनी याच्यावर डाग पाडले. पेल्यांखाली घालायला तुझ्या त्या क्रोशाच्या चकत्या कर. फुलांच्या. बारा मोगरे, पांढरे."

"आपण तेरा जणी होऊ."

"तेरावा झेंडू कर. पिवळा."

राजलक्ष्मीला काही कळेना. सासूबाईंनी आवाज खाली आणला. त्यात चक्क कौतुक होतं, स्वतःच्याच युक्तीचं. "चांभाराची मुलगी ती. तिचा पेला झेंडूवर ठेवायचा. तिला कळणार नाही, कुणालाच कळणार नाही. नंतर तेवढा पेला राखेनं घासून बाजूला. तिचा अपमान नाही, आपलं बाटणं नाही."

राजलक्ष्मी 'बरं' म्हणाली. सवयच ती.

दुपारी तिनं पांढरा दोरा घेतला. सहा साखळ्या घातल्या, गोल जोडला, गोलात बारा खांब उभे केले. हात आपोआप चालत होता. पाकळीपाशी आल्यावर तिला शांताताईंचा आवाज ऐकू आला, पाकळीसाठी एका घरात पाच खांब, चार नाही, नाहीतर फूल भुकेलेलं दिसतं. तिची सुई थांबली. जो हात त्यांनी घडवला, त्याच हातानं त्यांच्यावर खूण करायची होती. तीही इतकी सुंदर, की त्यांनी कौतुकानं उचलून बघावी.

कान तुटलेला कप निदान उघड होता.

तिनं पांढरा दोरा डब्यात टाकला. चपला घातल्या, बाड्यावरच्या बाजारात गेली आणि पिवळ्या दोऱ्याच्या चार लडी घेऊन आली. पाच दिवस ती विणत होती. सासूबाईंनी विचारलं, "झाली का?" ती म्हणे, "होतायत." खळ देऊन फुलं तिनं आपल्या ट्रंकेत, लुगड्यांखाली, सपाट वाळत घातली.

हळदीकुंकवाच्या दिवशी बायका जमल्या. शेजारच्या कुसुमताई पहिल्या. त्यांचे सासरे शिंद्यांच्या फौजेत सुभेदार होते, आणि कुसुमताईंचा आवाज अजून परेडवर असल्यासारखा होता. शांताताई सर्वांत शेवटी आल्या आणि दाराशीच थबकल्या. राजलक्ष्मीनं त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं, टेबलापाशी बसवलं.

मग तिनं फुलं मांडली, एकेकावर पन्ह्याचा पेला ठेवला. एक, दोन, पाच, तेरा. सगळे झेंडू.

सासूबाई गुलाबदाणी घेऊन आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. "पांढरी कुठायत?" त्या ओठांत बोलल्या.

"केली नाहीत."

"मग ओळखायचं कसं?"

राजलक्ष्मी ओठांत बोलली नाही. "कशाला ओळखायचं?"

"काय ओळखायचंय काकू?" कुसुमताईंनी लगेच विचारलं.

"काही नाही गं. पन्ह्यात वेलदोडा पडलाय का, ते."

"खूप पडलाय! आणि काकू, याद आहे का, आमच्या आजेसासूला तुमच्याकडे पाणी वरून ओंजळीत ओतायचे? आता बघा, मी तुमच्या टेबलावर पन्हं पितेय. वो भी फूल के ऊपर!" बायका हसल्या. सासूबाईंनी गुलाबपाणी जरा जास्तच शिंपडलं.

शांताताईंनी आपला पेला उचलला, खालचं फूल हातात घेतलं, उलटं केलं. मागची गाठ बघितली. मग सगळ्या टेबलावरून नजर फिरवली, सासूबाईंच्या चेहऱ्यापर्यंत नेली आणि परत आणली.

"शेवटची फेरी घट्ट आलीय," त्या हळू म्हणाल्या.

"हो. रागात विणली."

"टाके मोजलेस?"

"मोजले."

"मग ठीक." त्यांनी पन्हं संपवलं आणि पेला स्वतःच्या हातानं इतर पेल्यांच्या मधोमध ठेवला. विसळला नाही.

निघताना राजलक्ष्मी वाकली. त्यांनी तिला अर्ध्यावरच धरलं. "पाया पडायची एवढी सवय बरी नाही," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

बायका गेल्या. राजलक्ष्मीनं तेरा पेले एका परातीत घेतले आणि मोरीत नेऊन एकाच पाण्यात बुडवले. सासूबाई दारात आल्या.

"तिचा कोणता?"

"आता मलाही माहीत नाही."

"सगळे फोडून टाकीन."

"फोडा. पुढच्या वर्षी पितळी काढू. त्यांच्याखालीही हीच फुलं."

"कुणाच्या जिवावर बोलतेस? बळवंताला पत्र घालते."

"घाला. मीही लिहिणार आहे. काय झालं ते सगळं, तुमच्या मोगऱ्यासकट."

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. त्या माजघरात गेल्या, टेबलावरचं एक फूल उचललं, पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला आणि गाठ कापली. टोक धरून ओढलं. क्रोशाचं काम एकदा सुटलं की सुटतच जातं. पाकळ्या गेल्या, खांब गेले, बघता बघता सगळं फूल वाकड्यातिकड्या पिवळ्या दोऱ्याचा ढीग होऊन जमिनीवर पडलं.

"आता?" सासूबाईंना धाप लागली होती.

राजलक्ष्मी मागोमाग आली होती. तिनं हात पुसले. खाली बसली, दोरा गोळा केला, बोटांभोवती गुंडाळला. कंबरेला खोचलेली सुई काढली. टोक पहिल्या झटक्यात सापडलं.

"उरलेली बारा तिथंच आहेत," ती म्हणाली. "तुम्ही पुढचं घ्या. हे होईपर्यंत तुमचं ते उसवून होईल. मग मी तेही विणीन."

आणि मोठ्यानं मोजत तिनं साखळी घातली. एक. दोन. तीन.