लोटन कंडक्टरची तपासणी

लोटन कंडक्टर आयुष्यात एकदाच विमानात बसला आणि त्यानंतर दोन महिने जमिनीवर उतरलाच नाही. पुण्यात नोकरीला असलेल्या त्याच्या मुलीने, ज्योत्स्नाने, जळगावहून तिकीट काढून दिलं होतं. शिरपूरहून सातपुड्याच्या पाड्यांकडे जाणाऱ्या लाल गाडीत सव्वीस वर्षं घंटी मारलेला हा माणूस. त्याला ढगबिग काही भावले नाहीत. भावली ती विमानतळावरची तपासणी. पट्टा काढला, हात पसरून उभं केलं, अंगावरून यंत्र फिरवलं. खिशात बापाच्या वेळचा अडकित्ता होता, तो जवानाने काढून घेतला. लोटनला राग यायच्या ऐवजी अभिमानच वाटला. आपल्यासारखा माणूसही विमान पळवू शकेल अशी धास्ती सरकारला वाटते, ही काय साधी गोष्ट आहे!

परत आल्यावर डेपोत त्याने सगळ्यांचे कान किटवले. तिकडे सुपारी कातरायची चोरी, आणि आपल्या गाडीत कोणी तलवार घेऊन चढला तरी आपण विचारतो, फुल का हाफ? त्याचा ड्रायव्हर हिलाल चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "आपली गाडी कोन पळाई लई जाई, लोटनभाऊ? माले वीस वरीसमा पळाता उनी नही."

सगळे हसले. मग हिलाल जरा विचार करून म्हणाला, "विमानमा बसना का मधमा उतरता येत नही, म्हनीसन तपासतस. आपली गाडी तं हात दाखाडा का थांबस."

बोलणं खरं होतं, म्हणूनच लोटनला ते आवडलं नाही.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी गाडी गच्च भरली होती. पुढच्या सीटवर केळीचे व्यापारी रतिलालशेठ बसले होते. "काय लोटनभाऊ, विमानात बसून आले म्हणे?" एवढं त्यांनी विचारायचा अवकाश, लोटनने विमानतळ उभा केला. तपासणी कशी, जवान कसा, हात कसे पसरायचे. लोक माना वळवून ऐकत होते. नेमका तेव्हाच शिरपूरच्या वेशीवरच्या फाट्यावर पुन्या चढला.

पुन्या वरच्या पाड्यावरचा. पावसावर पिकेल ते पिकवायचं, उरलेले दिवस मजुरी करायची. वीस वर्षं तो याच गाडीने येत-जात होता आणि तिकिटाचे पैसे त्याच्याकडे कधी मागावे लागले नव्हते. हातात गाठोडं, आणि गाठोड्यातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब बाहेर आलेलं.

"थांब पुन्या," लोटन म्हणाला. आवाज त्या जवानाचा काढला होता. "तपासणी. हात पसर."

पुन्याला आधी थट्टा वाटली. मग लोटनचा चेहरा बघून त्याने हात पसरले. लोटनने त्याच्या सदऱ्यावरून, कमरेवरून हात फिरवला आणि गाठोड्याची गाठ सोडली. फडक्यातून कोयता निघाला. त्याच्याखाली त्याच्या बायकोचं, रेशमाचं, जुनं लुगडं आणि झंपर. रेशमा शिरपूरच्या दवाखान्यात होती, तिचे मळलेले कपडे तो धुवायला घरी नेत होता. ते सगळं गाडीच्या मधल्या वाटेत पसरलं. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. पुन्याने खाली बसून झंपर आधी लुगड्याखाली सरकवला, मग बाकीचं गोळा केलं.

कोयता लोटनने आपल्या सीटखाली ठेवला. "उतरताना घेशील."

"झकास," रतिलालशेठ म्हणाले. त्यांनी पिशवीतून केळीचे घड कापायची वीतभर लांब सुरी काढली, पेरू चिरला, तिखटमीठ लावलं आणि एक फोड लोटनपुढे धरली. लोटनने ती खाल्ली. गोड होता पेरू.

संध्याकाळी गाडी डेपोत लावताना हिलाल त्याच्याकडे न बघता बोलला, "पावसायामा घाटमा झाड पडनं व्हतं, याद शे? तोच कोयता व्हता, पुन्यानीच तोडं. नहीतं आपन सकायलोंग तठेच व्हतूत."

लोटनला तेव्हा ती सुरी आठवली. दिवसभर आठवली नव्हती. विमानतळावर त्याच्या पुढे पांढऱ्या कपड्यांतला कोणी पुढारी होता, त्यालाही बूट काढायला लावले होते. रांगेतला एकही जण सुटला नव्हता. आणि साठ माणसांच्या गाडीत आपण गाठोडं सोडलं ते एकाचंच. का, ते त्याला पुरतं कळत होतं. शेठला हात पसरायला सांगायची त्याची छातीच नव्हती. पुन्याला सांगताना छाती लागलीच नव्हती. त्या रात्री जेवताना त्याला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या वेळी पुन्या भेटला की काहीतरी बोलून मिटवून टाकू, असं त्याने ठरवलं. पण पुढच्या बाजारी फाट्यावर गाडी थांबली तेव्हा पुन्याने गाठोडं आधीच सोडून पायरीवर ठेवलं होतं आणि स्वतः हात पसरून उभा होता. त्याच्यामागे पाड्यावरची पाच-सहा माणसं, बायाही, आपापली गाठोडी उघडी धरून रांगेत. शहरातले दोघे-तिघे त्यांना ओलांडून वर चढले.

"हाई काय रे?" लोटनने पायरीवर येऊन विचारलं.

"नियम शे ना, नाना? मी बठ्ठा पाडाले सांगी टाकं." पुन्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

लोटन "चला, चला, चढा," एवढंच पुटपुटला. त्याला वाटलं, आपोआप थांबेल. थांबलं नाही. चार बाजार झाले. दर बाजारी तीच रांग, तेच पसरलेले हात, आणि त्यांच्याकडे बघून आत बसलेल्यांचं हसणं. पाचव्या बाजारी लोटन घंटी न मारता खाली उतरला. हिलालने इंजिन बंद केलं.

"पुन्याभाऊ, हात खाले कर. नियम बंद व्हयना."

पुन्याने हात खाली घेतले. "मंग तो सापडना का?"

"कोन?"

"जेन्हाकरता तू तपासे, तो."

गाडीतून चाळीस डोळे बघत होते. रतिलालशेठही होते. लोटनने ठरवून आवाज मोठा केला. "सापडना. गाडीमाच व्हता. तिकिटं फाडे."

पुन्याने गाठोडं बांधलं आणि तो वर चढला. बाकीचेही बांधू लागले. शेवटी एक म्हातारी उरली. तिला काही कळलं नव्हतं. ती उघडं गाठोडं पुढे धरून उभीच. लोटन तिच्यासमोर वाकला, तिचं गाठोडं त्याने स्वतःच्या हाताने नीट बांधलं, दंडाला धरून तिला वर चढवलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. आता जरा बरं वाटेल, असं त्याला वाटत होतं.

घंटी मारून तो वळला. म्हातारीने त्याने मारलेली गाठ सोडली होती. एकेक वस्तू बाहेर काढून, सगळं आहे ना, ते ती बघत होती.