प्रेमलताचं फिरणं

सौंसरच्या देवकाबाईंच्या घरात शहाऐंशी साली हृदयाची दोन दुखणी लागोपाठ आली. थोरला मुलगा रघुनाथराव शाळेत मास्तर होते, त्यांना उन्हाळ्यात हार्ट अटॅक आला. धाकट्या अनिलची बायको प्रेमलता, तिच्या हृदयातली झडप लहानपणच्या तापानं आखडलेली. पावसाळ्यात नागपूरला तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोघांनाही सारखाच छापील कागद दिला. मीठ कमी, तंबाखू बंद, जड उचलायचं नाही, गोळ्या वेळेवर आणि रोज अर्धा तास चालायचं.

रघुनाथराव बूट घालून सकाळी स्टेशनपर्यंत जाऊ लागले. वाटेत लोक थांबून तब्येत विचारत.

टाक्यांची जखम भरल्यावर प्रेमलताही निघाली. डोक्यावर पदर, हात रिकामे. कोपऱ्यावर शेजारची यमुना भेटली.

"कुठी चाल्ली वं?"

"कुठी नाही. फिरून राहिली."

"काहून? घरी भांडण झालं का?"

ती तिथूनच परतली. घरी देवकाबाई म्हणाल्या, "फिराले जमते, मंग दोन गुंड पाणी आणाले काहून जमत नाही?"

 पाण्याचा हंडा उचलला की प्रेमलताच्या छातीत कळ येई, चालताना येत नसे. असं का, हे तिलाही सांगता येईना. तिनं फिरणं सोडलं. बाकी सगळं पाळलं. गोळी कधी चुकली नाही, लग्नाआधीपासून लागलेलं, दातांना चोळायचं तंबाखूचं गुडाखू एका दिवसात सुटलं. भासऱ्यांसाठी, म्हणजे थोरल्या दिरांसाठी, ती वेगळी अळणी भाजी करी; स्वतः मात्र सगळ्यांतलीच खाई. दोघांपुरती अळणी भाजी कर, असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि आपण कसं म्हणायचं?

एकदा धुवायला घेतलेल्या रघुनाथरावांच्या कोटाच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी निघाली. रीतीप्रमाणे भासऱ्यांशी ती कधी बोललेली नव्हती. सासूला सांगावं तर घरात आग लागेल, न सांगावं तर त्यांच्या जिवाचं काय? बराच वेळ ती पुडी हातात धरून बसली आणि शेवटी खुंटीवरच्या त्यांच्या दुसऱ्या कोटात ठेवून आली.

हिवाळ्यात अनिलबरोबर दोघं नागपूरला तपासणीला गेले तेव्हा तिच्या पायांवर सूज होती. डॉक्टर म्हणाले, "साधं चालणं होत नाही तुमच्याकडून? यांच्याकडं बघा जरा."

रघुनाथराव खाली बघत राहिले. परतताना बसमध्ये, अनिलला झोप लागल्यावर, ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलले.

"पुडी तुमीच ठेवली न त्या कोटात? डॉक्टरले सांगितलं काहून नाही?"

तिनं पदर पुढं ओढला. "तुमी चालता तं रोज," एवढंच तिच्या तोंडून आलं. या बोलण्याचा अर्थ काय, ते तिलाही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात थांबले. "चला," म्हणाले. ते पुढं, ती दहा पावलं मागं. रस्त्यात तिला कोणी काही विचारलं नाही. आनंद मानावा की राग, तिला समजेना. त्या दिवसापासून ती अळणी भाजी दोघांपुरती करू लागली. रघुनाथरावांचा खर्रा महिनाभर सुटला, मग पुन्हा लागला. तिची सूज मात्र होळीपर्यंत उतरली.

चैत्रात रघुनाथरावांना ताप आला. प्रेमलता चपला घालून ओसरीत घुटमळली. मग एकटीच निघाली, स्टेशनपर्यंत जाऊन आली. घरात पाय ठेवला तेव्हा छाती धडधडत होती. चालण्यानं की भीतीनं, तिला ठरवता आलं नाही.