भिंतीपलीकडचं स्वयंपाकघर

केडगावात आमचं आणि शेजारणीचं घर एकाच भिंतीला टेकून उभं आहे. दोन्ही घरं एकाच वेळी, एकाच मापानं बांधलेली. तिनं खलबत्त्यात काही कुटायला घेतलं की माझ्या मांडणीतल्या वाट्या वाजतात. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आणि ती घरी शिवणकाम करणारी. तिचं माहेर श्रीगोंद्याकडचं, वयानं ती माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. दोघी एकाच चर्चला जातो, एकाच बाकावर बसतो. इतकी वर्षं तिच्याबद्दल माझ्या मनात कधी काही आलं नव्हतं, कारण तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असं काही नव्हतंच.

मग तिनं स्वयंपाकघर रंगवायला काढलं. आठवडाभर पलीकडून भिंत घासल्याची खरखर ऐकू यायची. रविवारी उपासना झाल्यावर तिनं आम्हा सगळ्या बायकांना चहाला बोलावलं आणि मी दारातच थबकले. फोडणीच्या धुरानं तपकिरी झालेली भिंत फिकट पिस्ता रंगाची झाली होती. गॅसमागे टाइल्सच्या दुकानात टाकून दिलेले फुटके तुकडे पांढऱ्या सिमेंटात बसवले होते, निळे, पांढरे, मधेच एखादा पिवळा. कडप्प्याच्या ओट्याखाली उरलेल्या कापडांचा जोडून शिवलेला पडदा. गंजकी मांडणी घासूनपुसून रंगवलेली. ओटा जुना, मांडणी जुनी, खिडकीसुद्धा तीच. तरी स्वयंपाकघर नवं दिसत होतं.

माझ्या सासूबाई तिच्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "हितं बसलं की उठूच वाटत न्हाई गं."

माझ्या स्वयंपाकघरात त्या वीस वर्षं बसत होत्या. असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

तिनं कर्ज काढून नव्या ट्रॉल्या बसवल्या असत्या, तर मी म्हटलं असतं, आपल्याला नाही बाई परवडत, आणि विषय संपला असता. पण तिनं ते दोन हातांनी केलं होतं. मला सबबच उरली नाही. त्यानंतर सासूबाई रोज दुपारी शेंगा निवडायला तिच्याकडे जाऊन बसू लागल्या. मी शाळेतून यायचे तेव्हा घर रिकामं असायचं आणि भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू यायचं.

ती एकदा म्हणाली, "बाई, तुमचं पन करू की. मी येते हाताखाली. पन आदी सोड्यानं भिंत धुवायची, मग घासायची, मग प्रायमर. घाई केली की रंग धरत न्हाई."

"बघू," मी म्हटलं. मनात म्हटलं, आता ही मला शिकवणार.

नाताळच्या आधी आमच्या घरी प्रार्थनासभा ठरली होती. मी शाळेतून सुट्टी काढली आणि ऑइल पेंटचा डबा आणला. तिच्या पिस्त्यापेक्षा उठून दिसावा म्हणून गडद मोरपंखी. नवरा म्हणाला, "धुवायला नको का आधी?"

"पुसलीय मी फडक्यानं."

एका दिवसात भिंत रंगवून काढली. संध्याकाळी ती अशी चकाकत होती की मी तीनदा उठून बघून आले.

तिसऱ्या दिवशी कुकरची वाफ लागली आणि गॅसमागचा रंग फुगला. बोट लावलं तर दुधाच्या सायीसारखा हातात आला, खाली तोच जुना चिकट थर. प्रार्थनासभेला तीन दिवस उरले होते. मी ओट्यापाशी फरशीवर बसून राहिले. सासूबाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मला न विचारता पलीकडे जाऊन तिला घेऊन आल्या. मला त्यांचा असा राग आला की सांगता येत नाही.

ती आली. पदर कमरेला खोचला, भिंतीवरून हात फिरवला. आता ही म्हणणार, मी सांगितलं होतं ना! मी वाट बघत होते.

ती म्हणाली, "पत्री हाय का खरवडायला? नसंल तर उलथनं द्या."

दोन दिवस आम्ही दोघींनी खरवडलं, धुतलं, घासलं, प्रायमर मारला आणि पुन्हा रंग दिला. तिच्या घरी नाताळच्या कपड्यांचा ढीग पडला होता, तो तसाच ठेवून ती आली होती, हे मला दिसत होतं. तरी मी तिचा हात न्याहाळत होते. तिचा ब्रश वरून खाली सरळ यायचा, माझ्या ब्रशाचे ओघळ राहायचे. खिडकीच्या कडेला तिच्या हातूनही एक ओघळ सुटला. मला बरं वाटलं. मी तिला तो दाखवला नाही.

सभेला आमच्या चर्चच्या पाळकबाई आल्या, आत डोकावल्या. "अगं बाई, किती सुंदर! कुणाकडून करून घेतलंस?"

"मीच केलं," मी म्हणाले. "सुट्टी काढून."

ती तिथेच कपात चहा ओतत होती. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. ती वर न बघता म्हणाली, "व्हय, बाईंनीच केलं. लई कष्ट घेतले."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटले होते, माझे मिटेनात. मी तिच्या वाकलेल्या मानेकडे बघत होते आणि रंगापेक्षा, पडद्यापेक्षा मला तिच्या त्या एका वाक्याचा हेवा वाटत होता. मला ते जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ढिगातलं एक कापड गिऱ्हाईक परत घेऊन गेलं होतं, वेळेत होणार नाही म्हणून. मी म्हटलं, "काल मी खोटं बोलले."

"असू द्या की, बाई," ती मशीन न थांबवता म्हणाली. "माझ्याकडं सगळ्या येऊन बघून गेल्या हुत्या. तुमचं बी कौतुक व्हायला पायजे."

मी बसून फ्रॉकांना तुरपाई घालू लागले. माझे दोन टाके वाकडे गेले. तिनं ते गुपचूप उसवले आणि पुन्हा घातले.

रविवारी उपासनेनंतर मी चर्चच्या आवारात पाळकबाईंना सगळं सांगितलं. रंग कसा सोलून निघाला, कुणी खरवडला, कुणी दिला. बायका हसल्या आणि मग सगळ्या तिच्याभोवती जमल्या. एकीनं तिथल्या तिथे आपल्या स्वयंपाकघराचं विचारलं, दुसरीनं टाइल्सचं. सांगून टाकलं की मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलंही, थोडंसं. पण ती घोळक्यात लाजून उभी होती, सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, आणि मला ते बघवेना. मी पाठ फिरवली.

सासूबाईंनी माझं कोपर धरलं. "चल," म्हणाल्या, "घरी जाऊन आमटी टाकायचीय. मी लसूण सोलते, तुझ्या ओट्यापाशी बसून."

आम्ही चालू लागलो. घोळक्यातून ती हाक मारत होती, "बाई, थांबा, मी पन येते!" मी चार पावलं ऐकलंच नाही असं केलं. मग थांबले.