कुलूपवाल्याची पेटी

शेलूबाजारला बसथांब्याजवळ एक कुलूपवाला बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तो पाहतच नाही, हातातल्या किल्लीकडे पाहून बोलतो. टेबलावर त्यानंच बनवलेली सागवानी पेटी असते. खटका सरकवला की चिठ्ठी निघते, चिठ्ठीवरून आकडे जुळवले की पुढचा कप्पा उघडतो. शेवटचा कप्पा कोणालाच उघडता येत नव्हता. मी दिसले की म्हणायचा, "काकू, पेटी उघडून पाहा ना."

"मले कामं आहेत बापा," म्हणून मी निघायची.

परवा बस चुकली म्हणून पेटी घेऊन बसले. तासाभरानं ती उलटी धरली, तसा शेवटचा कप्पा सरकला. आत माझ्या कपाटाची किल्ली होती, मीच बांधलेल्या लाल दोऱ्यासकट. ती सुनेनंच घेतली असं धरून मी दिवाळीपासून तिच्याशी बोलत नव्हते.

"कोठीचं कुलूप दुरुस्तीले आणलं, तवा इथंच विसरल्या होत्या तुमी," तो किल्लीवर कानस घासत म्हणाला.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"दर बाजारी तर सांगून राह्यलो."

बस आली अन् गेली. सुनेशी पहिला शब्द काय बोलावा, हेच मला सुचत नव्हतं.